मशीनलाच विचारा: लिनक्सच्या फाइलींतून फर्मवेअरची माहिती वाचायची कशी आणि कितपत मानायची

लॅमिंग्टन रोडवर रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यायला गेलात की काउंटरवरचा माणूस आधी मॉडेलचं नाव सांगतो, मग रॅम, आणि शेवटी "बॅटरी एकदम ओके". यातलं प्रत्येक विधान मशीनलाच विचारून पडताळता येतं, तेही एकही स्क्रू न उघडता. मशीन सुरू होतानाच मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे आपण सवयीने ज्याला बायॉस म्हणतो ते, स्वतःची कुंडली मेमरीत मांडून ठेवतं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ती उचलतो आणि साध्या फाइलींच्या रूपात आपल्यापुढे ठेवतो. ज्या प्रोग्रॅमला फाइल उघडून वाचता येते, त्याला ही माहिती मिळते. त्यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्या. टेबलाचा सांगाडा आणि चेकसम (बाइटांच्या बेरजेची पडताळणी) नीट आहेत ना एवढं कर्नल बघतो. आतला मजकूर खरा आहे का हे तो बघत नाही. त्यामुळे प्रत्येक फाइल वाचताना विचारायचं की ही गोष्ट कारखान्यात कुणीतरी टाइप केली आहे, की मशीनने बूट होताना प्रत्यक्ष चिपला विचारून भरली आहे? दोन्ही प्रकारची माहिती एकाच टेबलात शेजारीशेजारी बसते आणि दिसायला सारखीच दिसते. पुढचा सगळा लेख या फरकाभोवती आहे.

लिपीबद्दल एवढंच, की पाथ आणि कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. "सिस" म्हणजे एस-वाय-एस, "प्रॉक" म्हणजे पी-आर-ओ-सी. नावं बहुतेक लहान लिपीत असतात, एसीपीआयच्या टेबलांची आणि पुढे येणाऱ्या "बॅट०" ची मात्र मोठ्या लिपीत.

माहिती कुठून येते

साध्या पीसी-लॅपटॉपवर तीन उगम असतात. पहिला एसएमबायॉस, ज्याला जुने लोक डीएमआय म्हणतात: मेक, मॉडेल, सिरियल नंबर, रॅमचे स्लॉट यांची यादी. दुसरा एसीपीआय: पॉवर, बॅटरी, तापमान आणि बोर्डावर काय कुठे जोडलंय याचं वर्णन, हे मानक १९९६ पासूनचं. तिसरा यूईएफआयची, म्हणजे जुन्या बायॉसच्या जागी आलेल्या फर्मवेअरची, व्हेरिएबल्स: बूटचा क्रम, सिक्युअर बूट (सही केलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू की बंद, वगैरे. रास्पबेरी पायसारख्या एआरएम बोर्डांवर यांच्या जागी बहुधा डिव्हाइस ट्री असतो. त्याचं मूळ ओपन फर्मवेअर, म्हणजे १९९४ सालच्या आयट्रिपलई १२७५ मानकात आहे.

पूर्वी एसएमबायॉसचं टेबल वाचायचं तर प्रोग्रॅमला थेट "/डेव्ह/मेम" उघडावी लागायची, म्हणजे अख्खी फिजिकल मेमरी. पहिल्या १ एमबीतल्या शेवटच्या ६४ केबीत दर १६ बाइटवर "_एसएम_" ही खूण शोधत जायचं आणि सापडली की तिथून टेबलाचा पत्ता काढायचा. सुरक्षेच्या दृष्टीने हा प्रकार भयंकर होता. आजच्या डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या वाणांमध्ये, सिक्युअर बूट चालू असताना कर्नल तो दरवाजा बंदच ठेवतो. म्हणून २०१५ मध्ये, कर्नल ४.२ पासून, "/सिस/फर्मवेअर/डीएमआय/टेबल्स" इथे दोन फाइली आल्या: एक एंट्री पॉइंटची आणि एक पूर्ण टेबलाची. डीएमआयडीकोड ही कमांड आता तिथूनच वाचते.

पायरी पहिली: पेनड्राइव्ह आणि परवानगी

उबुंटू किंवा डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह घरूनच तयार करून न्या. बूट मेन्यूसाठी डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९. "ट्राय" हा पर्याय निवडलात तर डिस्कला हात लागत नाही, पण दुकानदाराला हे आधी सांगावं.

"दादा, पेनड्राइव्हवरून बूट करून बघतो. आत काही इन्स्टॉल करत नाही."

"बघा की. फक्त बायॉसचा पासवर्ड मागितला तर मला हाक मारा."

त्याने हाक मारायला सांगितलं आणि पासवर्ड दिलाही, तर ठीक. लीज संपून ऑफिसांतून बाहेर पडलेल्या मशिनांवर बायॉसचा सुपरवायझर पासवर्ड राहून गेलेला असतो. विकणाऱ्यालाच तो माहीत नसेल, तर पुढचं काही तपासत बसू नका, दुसरं मशीन मागा.

टर्मिनल उघडून आधी "/सिस/फर्मवेअर" ची यादी काढा. आत "ईएफआय" डिरेक्टरी असेल तर मशीन यूईएफआय पद्धतीने बूट झालंय, नसेल तर जुन्या लेगसी पद्धतीने. मशीन नवं असूनही ती दिसली नाही, तर सेटिंगमध्ये लेगसी मोड चालू आहे. तो बदलून परत बूट करा, नाहीतर व्हेरिएबल्स दिसणारच नाहीत.

पायरी दुसरी: नाव, गाव, पत्ता

"/सिस/क्लास/डीएमआय/आयडी" या डिरेक्टरीत एकेका गोष्टीची एकेक फाइल आहे. "सिस_व्हेंडर" मध्ये कंपनी, "प्रॉडक्ट_नेम" मध्ये मॉडेल, "बायॉस_व्हर्जन", "बायॉस_डेट", "बोर्ड_नेम", "चासी_टाइप" वगैरे. कॅट कमांडने एकेक वाचता येते. सगळं एकदम हवं असेल तर ग्रेप, मग हायफन एस, मग एक टिंब, आणि पुढे पाथ देऊन शेवटी तारांकन. प्रत्येक ओळीत फाइलचं नाव आणि त्यातला मजकूर येतो. मधल्या डिरेक्टरींवरून ग्रेपने कुरकुर केली तर दुर्लक्ष करा.

इथे पहिला गोंधळ होतो तो मॉडेलच्या नावाचा. डेल आणि एचपी साधारणपणे "प्रॉडक्ट_नेम" मध्येच माणसाला कळणारं नाव लिहितात. लेनोव्होच्या थिंकपॅडवर त्या फाइलमध्ये "२०एल५" अशा अक्षरांनी सुरू होणारा कोड दिसतो आणि "थिंकपॅड टी४८०" हे नाव "प्रॉडक्ट_व्हर्जन" मध्ये असतं. मानक फक्त जागा ठरवून देतं, तिथे काय लिहायचं ते कंपनी ठरवते. प्रोग्रॅम लिहिताना नाव, व्हर्जन आणि फॅमिली ही तिन्ही साठवून ठेवा, कुठलं दाखवायचं ते नंतर ठरवता येईल.

"चासी_टाइप" मध्ये नुसता आकडा मिळतो: ३ म्हणजे डेस्कटॉप, ७ टॉवर, ९ लॅपटॉप, १० नोटबुक, १३ ऑल-इन-वन, ३१ कन्व्हर्टिबल, ३५ मिनी पीसी. हा आकडा कारखान्यात ठरलेला. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर ३ दिसलं म्हणून त्याची पेटी खरंच डेस्कटॉपची असेल असं नाही, कारण मदरबोर्ड बनवणाऱ्याला तुम्ही तो कुठल्या पेटीत बसवणार हे माहीतच नसतं.

"बायॉस_डेट" ही मशीन बनल्याची तारीख नव्हे. ती त्या बायॉस आवृत्तीची तारीख, आणि अपडेट केलं की पुढे सरकते. "बघा, बायॉस गेल्या वर्षीचा आहे, म्हणजे मशीन नवीनच" हे वाक्य काउंटरवर ऐकू आलं तर मान डोलवा आणि सिरियल नंबर बघा.

सिरियल नंबर मात्र साध्या युजरला वाचता येत नाही. "प्रॉडक्ट_सिरियल", "प्रॉडक्ट_यूयूआयडी", "बोर्ड_सिरियल" आणि "चासी_सिरियल" या चार फाइली फक्त रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी युजरसाठी, खुल्या असतात. कारण उघड आहे: कुठल्याही ॲपला मशीनचा कायमचा ओळख क्रमांक मिळाला की माग काढणं सोपं. लाइव्ह पेनड्राइव्हवर कमांडआधी सुडो लावलं, म्हणजे ती रूटच्या अधिकाराने चालवली, की झालं. डेलवर ही सिरियल म्हणजेच सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग. बुडाखालच्या स्टिकरशी तो ताडून पाहा. जुळला नाही तर एकतर बोर्ड बदललाय किंवा खालचं कव्हर दुसऱ्या मशीनचं आहे. दोन्हीत गैर काही असेलच असं नाही, पण भावात बोलायला मुद्दा मिळतो. सिरियलची जागा रिकामी दिसली तर बोर्ड बदलल्याची शक्यता जास्त, कारण सुट्या बोर्डावर हा नंबर सर्व्हिसवाल्याने नंतर भरायचा असतो आणि तो भरायचा राहतो.

"चासी_ॲसेट_टॅग" रूटशिवायही वाचता येते, आणि तिच्यात कधीकधी आधीच्या ऑफिसचा इन्व्हेंटरी नंबर तसाच असतो. स्क्रीनशॉट कुणाला पाठवण्याआधी ती ओळ काढून टाका.

पायरी तिसरी: रॅम, अगदी बाइटपर्यंत

हा भाग सगळ्यात कामाचा आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ. रॅमची माहिती वरच्या डिरेक्टरीत नसते. एसएमबायॉसमध्ये प्रत्येक गोष्टीला टाइप नंबर असतो: ० बायॉस, १ सिस्टिम, २ मदरबोर्ड, ३ पेटी, ४ प्रोसेसर, १६ एकूण मेमरीची व्यवस्था, १७ एकेक रॅम स्लॉट, आणि १२७ म्हणजे टेबल संपलं. सुडो लावून डीएमआयडीकोड हायफन टी १७ दिलंत की प्रत्येक स्लॉटचा तपशील येतो: आकार, प्रकार, वेग, बनवणारी कंपनी, पार्ट नंबर.

ही कमांड हाताशी नसेल, किंवा स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये हे वाचायचं असेल, तर "/सिस/फर्मवेअर/डीएमआय/एंट्रीज" मध्ये जा. तिथे "१७-०", "१७-१" अशा डिरेक्टरी असतात. पहिला आकडा टाइपचा, दुसरा कितवा ते सांगणारा. डिरेक्टरीच दिसत नसेल तर मॉडप्रोब वापरून "डीएमआय_सिसएफएस" हे कर्नलचं मॉड्यूल (जोडभाग) चढवा. आतल्या "रॉ" नावाच्या फाइलमध्ये मूळ बाइट असतात. ती हेक्सडंप हायफन सी ने बघा. सी मोठ्या लिपीतला.

पहिला बाइट "११" दिसेल. हेक्समधले, म्हणजे १६च्या पायावर मोजलेले, ११ म्हणजे आपले १७, हा टाइप. दुसरा बाइट लांबीचा. जुन्या आवृत्तीच्या टेबलात तो "२८", म्हणजे ४० बाइट. पुढचे दोन हँडल, टेबलातल्या नोंदींनी एकमेकींकडे बोट दाखवण्यासाठी. आता शून्यापासून मोजत १२व्या आणि १३व्या बाइटवर या. तिथे "०० २०" असेल तर ते उलट वाचायचं, कारण इथे लहान टोक आधी येतं: २०००. हेक्समधले २००० म्हणजे ८१९२ एमबी, म्हणजे ८ जीबीची पट्टी. "०० ००" म्हणजे स्लॉट रिकामा.

१८वा बाइट मेमरीचा प्रकार: "१८" असेल तर डीडीआर३, "१ए" असेल तर डीडीआर४, "२२" असेल तर डीडीआर५. डीडीआर४ सांगून डीडीआर३ खपवलं जातंय का, हे या एका बाइटवरून कळतं.

कंपनीचं नाव २३व्या बाइटवर सापडेल असं वाटेल, पण तिथे "०२" वगैरे आकडा मिळतो. एसएमबायॉसमध्ये अक्षरी मजकूर नोंदीच्या आत नसतो. नोंद संपली की तिच्या मागे एकापाठोपाठ एक शब्दमाला येतात, प्रत्येकीच्या शेवटी एक शून्य बाइट आणि सगळ्यांच्या शेवटी दोन. आतला आकडा सांगतो की कितवी शब्दमाला. मोजणी १ पासून. ० म्हणजे मजकूर दिलेलाच नाही. स्वतः पार्सर (बाइट उलगडणारा कोड) लिहिणारे लोक इथेच हमखास घसरतात: पुढच्या नोंदीवर जाताना नुसती लांबी ओलांडतात आणि मागच्या शब्दमालांमध्ये अडकून पडतात. लांबी ओलांडा, मग लागोपाठ दोन शून्य बाइट मिळेपर्यंत पुढे जा, तिथून पुढची नोंद सुरू.

आकाराचे दोन बाइट आहेत आणि त्यांतला सगळ्यात वरचा बिट एकक सांगण्यासाठी राखलेला, त्यामुळे ३२ जीबी या आकड्यात मावतच नाही. अशा पट्टीवर त्या जागी "एफएफ ७एफ" लिहिलेलं असतं आणि खरा आकार २८व्या बाइटपासूनच्या चार बाइटांत. ही सोय न धरता लिहिलेला प्रोग्रॅम ३२ जीबीची पट्टी ३२,७६७ एमबीची दाखवतो. १ एमबीच कमी, पण बेरीज चुकते आणि मग कुणीतरी अर्धा दिवस ती १ एमबी शोधत बसतं.

टाइप १७ वर विश्वास किती ठेवायचा? बराच. हे तपशील बायॉस प्रत्येक बूटला रॅमच्या पट्टीवरच्या एसपीडी चिपमधून, म्हणजे पट्टीची ओळख साठवणाऱ्या चिपमधून, वाचून भरतो. तरी "/प्रॉक/मेमइन्फो" मधला एकूण आकडा शेजारी ठेवून बघा. तो थोडा कमीच असणार, कारण फर्मवेअर, कर्नल आणि ग्राफिक्स आपापला वाटा आधीच काढून घेतात. १६ सांगितलेल्या मशीनवर १५ च्या आसपास ठीक. १२ दिसले तर एखाद्या पट्टीत किंवा स्लॉटमध्ये गडबड आहे. टाइप १६ मधला "जास्तीत जास्त किती रॅम" हा आकडा मात्र कारखान्यात टाइप केलेला असतो आणि बऱ्याचदा प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा कमी, तेव्हा अपग्रेड ठरवताना त्यावरच विसंबू नका.

प्रोसेसरसाठी टाइप ४ आहे, पण मी तो वाचत नाही. "/प्रॉक/सीपीयूइन्फो" मधलं मॉडेलचं नाव थेट चिपमधून येतं. मध्यस्थाकडे जायचं कशाला?

पायरी चौथी: बॅटरी आणि एसीपीआय

बॅटरीची माहिती एसीपीआयमार्फत येते आणि "/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०" मध्ये दिसते; काही मशिनांवर "बॅट१". "एनर्जी_फुल_डिझाइन" म्हणजे नवी असतानाची क्षमता, "एनर्जी_फुल" म्हणजे आजची. आकडे मायक्रोवॉट-तासांत. डिझाइन ५,००,००,००० आणि आजची ३,१०,००,००० असेल तर ५० पैकी ३१ वॉट-तास उरलेत, म्हणजे ६२ टक्के. काही मशिनांवर "एनर्जी" ऐवजी "चार्ज" नावाने फाइली येतात. एकक बदलतं, भागाकार तोच. "सायकल_काउंट" शून्य दिसलं तर हुरळून जाऊ नका, बऱ्याच बॅटऱ्या तो आकडा कळवतच नाहीत. आणि आजची क्षमता बरोब्बर डिझाइनइतकीच दिसली, तर बॅटरी नवी आहे किंवा तिचा मोजणारा चिप काहीच मोजत नाहीये. चार्जर काढून पंधरा मिनिटं व्हिडिओ चालवला की दोन्हींतलं काय ते कळतं.

एसीपीआयची मूळ टेबलं "/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स" मध्ये असतात, फक्त रूटसाठी. प्रत्येकाला ३६ बाइटांचं हेडर: चार अक्षरी नाव, लांबी, आवृत्ती, चेकसम, मग बनवणाऱ्याच्या खुणा. त्यांतलं "डीएसडीटी" उलगडायला आयएएसएल हे साधन आहे. रोजच्या कामात लागत नाही, पण सस्पेंडमधून मशीन परत येत नसेल तर तिथेच जावं लागतं. खरेदीच्या वेळी महत्त्वाचं टेबल "एमएसडीएम". विंडोजसकट विकलेल्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये लायसन्सची की या टेबलाच्या शेवटी साध्या अक्षरांत असते, हायफन धरून २९ अक्षरं. टेबल असेल तर मशीन कारखान्यातून विंडोज घेऊन आलंय. टेबलं कुणाला पाठवताना ही फाइल वगळा, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक गंमत: "एसीपीआय/बीजीआरटी/इमेज" ही फाइल असेल तर ती कॉपी करून बघा. मशीन सुरू होताना दिसणारा कंपनीचा लोगोच तो, बीएमपी चित्राच्या रूपात.

यूईएफआयची व्हेरिएबल्स: वाचा, पण हात आवरून

"/सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स" मध्ये प्रत्येक व्हेरिएबल एक फाइल असते. नाव, हायफन, आणि मग लांबलचक जीयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक. प्रत्येक फाइलचे पहिले चार बाइट म्हणजे गुणधर्म, खरा मजकूर पाचव्यापासून. "सिक्युअरबूट" नावाने सुरू होणारी फाइल हेक्सडंपने बघितली तर "०६ ०० ०० ०० ०१" असे पाच बाइट दिसतील. शेवटचा ०१ म्हणजे चालू, ०० म्हणजे बंद. "बूटऑर्डर" चे पहिले चार "०७ ०० ०० ००", आणि पुढे दोन-दोन बाइटांचे क्रमांक. चार बाइट सोडायचे विसरलात तर सिक्युअर बूट कायम ६ दिसेल.

या फाइली डिलीट केल्या तर त्या फर्मवेअरमधून खरोखरच जातात. २०१६ च्या सुरुवातीला हे चांगलंच गाजलं: रूटवरून सगळं पुसण्याची कमांड दिली गेली, तीत ही डिरेक्टरीही पुसली गेली आणि काही मशिनं त्यानंतर सुरूच झाली नाहीत. दोष खरा तर त्या फर्मवेअरचा, पण कर्नलने ४.५ पासून बहुतेक व्हेरिएबल्सना न बदलता येणारी अशी खूण लावली. ती खूण सीएचएटीटीआर वापरून काढता येते. काढू नका.

रास्पबेरी पायवर

इथे "/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल" वाचलं की बोर्डाचं पूर्ण नाव मिळतं. हा पाथ खरं तर "/सिस/फर्मवेअर/डिव्हाइसट्री/बेस" कडे जाणारी लिंक आहे. टर्मिनलवर नाव आणि पुढचा प्रॉम्प्ट एकाच ओळीत चिकटलेले दिसतील, कारण मजकुराच्या शेवटी नवी ओळ नसते, शून्य बाइट असतो. "कम्पॅटिबल" फाइलमध्ये तर अशा दोन-तीन शब्दमाला शून्य बाइटाने जोडलेल्या असतात. टीआर कमांडने शून्याच्या जागी नवी ओळ घाला. आकडे मात्र एसएमबायॉसच्या उलट: ३२ बिट, मोठं टोक आधी. वर हॅट (पायवर बसणारा जोडबोर्ड) बसवलेला असेल आणि त्यावर ओळख सांगणारी ईईप्रॉम असेल, तर "हॅट" नावाची डिरेक्टरी येते आणि तिच्यात बनवणाऱ्याचं व बोर्डाचं नाव.

वाचनालयाच्या तीस मशिनांसाठी प्रोग्रॅम

दादरच्या एखाद्या वाचनालयाच्या किंवा लालबागच्या क्लासच्या मशिनांची यादी करायची आहे असं समजा. प्रत्येक मशीनवर एक छोटी स्क्रिप्ट चालवायची आणि एक ओळ लिहून घ्यायची. भाषा कुठलीही चालेल, फाइल उघडून वाचणं एवढंच काम आहे. सांभाळायच्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत.

फाइल नसेल किंवा रिकामी असेल हे धरूनच चाला. टेबलात एखादी जागाच नसेल तर कर्नल ती फाइल बनवतच नाही, आणि जागा असून मजकूर दिला नसेल तर फाइल रिकामी येते. "नॉट स्पेसिफाइड" हे शब्द डीएमआयडीकोडचे आहेत; फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ते दिसणार नाहीत.

मग भरताडी उत्तरं. असेंबल केलेल्या मशिनांवर सिरियलच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.", "डिफॉल्ट स्ट्रिंग" किंवा चक्क "सिस्टिम सिरियल नंबर" लिहिलेलं असतं. ही वाक्यं ओळखून रिकामी धरा, नाहीतर यादीत दहा मशिनांचा सिरियल नंबर एकच येईल. यूयूआयडीचंही, म्हणजे मशीनला दिलेल्या लांबलचक ओळख क्रमांकाचंही, तसंच. सगळे शून्य किंवा सगळे एफएफ असतील तर कर्नल तो दाखवतच नाही, तेवढी एक गाळणी त्याने लावली आहे. पण "०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९" हा त्यातून निसटतो आणि बऱ्याच स्वस्त बोर्डांवर जसाच्या तसा सापडतो. यूयूआयडी म्हणजे जगात एकमेव असणार हे गृहीत धरलेलं सॉफ्टवेअर अशा दोन मशिनांना एकच समजतं. मी ओळख ठरवताना आधी कंपनी आणि सिरियल एकत्र घेतो, ते कुचकामी निघालं तर बोर्डचा सिरियल, आणि मगच यूयूआयडी. "/ईटीसी/मशीन-आयडी" या कामासाठी घेऊ नका. तो इन्स्टॉलेशनचा क्रमांक आहे, आणि एकाच डिस्कची इमेज तीस मशिनांवर ओतली असेल तर तीसही ठिकाणी तोच येऊ शकतो.

सिरियल वाचायला रूट लागतं म्हणून सगळा प्रोग्रॅम रूटने चालवायचा हा आळशीपणा झाला. सिस्टिमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) एक छोटी वन-शॉट सर्व्हिस बनवा. ती बूटला एकदाच रूट म्हणून चालेल, सिरियल वाचेल, वरची गाळणी लावेल आणि "/रन" खाली स्वतःच्या डिरेक्टरीत एका फाइलमध्ये ठेवेल. परवानगी ०६४०, ग्रुप फक्त त्या प्रोग्रॅमचा. "/रन" मेमरीत असतं, त्यामुळे डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये घातली तरी जुना नंबर मागे राहत नाही.

डॉकरच्या आत, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये कोंडून, हे चालवणार असाल तर "/सिस/फर्मवेअर" डॉकर आपणहून झाकून ठेवतो, तिथे काही मिळणार नाही. होस्टवर वाचा, कंटेनरला तेवढी एक फाइल द्या.

स्वतःची माहिती फाइलीतून दाखवायची असेल तर

सराव क्यूईएमयूमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, करा. त्याला हायफन एसएमबायॉस, टाइप=१, आणि पुढे मॅन्युफॅक्चरर, प्रॉडक्ट, सिरियल असे पर्याय दिले की आतल्या लिनक्समध्ये "डीएमआय/आयडी" च्या फाइलींत तुम्ही दिलेली नावं जशीच्या तशी दिसतात. स्क्रिप्टची गाळणी तपासायला यापेक्षा सोपी जागा नाही. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: सिरियल बघून लायसन्स देणारा प्रोग्रॅम एका ओळीत फसवता येतो.

तुमची स्वतःची माहिती, समजा मशीन कुठल्या खोलीत आहे ते, व्हर्च्युअल मशीनमध्ये पोचवायची असेल तर हायफन एफडब्ल्यू_सीएफजी पर्यायाने "ऑप्ट/" ने सुरू होणारं नाव आणि मजकूर द्या. आत "/सिस/फर्मवेअर/क्यूईएमयू_एफडब्ल्यू_सीएफजी/बाय_नेम" खाली त्याच नावाची डिरेक्टरी येते आणि तिच्यातल्या "रॉ" फाइलमध्ये मजकूर.

हे स्वतः कर्नलमध्ये घडवून बघायचं असेल तर मॉड्यूल पन्नास ओळींच्या आत होतं. सुरू होताना "कोबजेक्ट_क्रिएट_अँड_ॲड" ला नाव आणि "फर्मवेअर_कोबज" द्यायचं, म्हणजे "/सिस/फर्मवेअर" खाली तुमची डिरेक्टरी बनते. मग एक ॲट्रिब्यूट जोडायचं आणि त्याचं "शो" फंक्शन लिहायचं. कुणी फाइल वाचली की तेवढ्यापुरतं ते फंक्शन चालतं. आत "डीएमआय_गेट_सिस्टिम_इन्फो" ला विचारायचं, उत्तर नल नाही ना हे बघायचं, आणि "सिसएफएस_एमिट" ने मजकूर द्यायचा. "फर्मवेअर_कोबज" फक्त जीपीएल या मुक्त लायसन्सच्या मॉड्यूलना मिळतं, तेव्हा लायसन्सची ओळ बरोबर लिहा. एका फाइलमध्ये एकच गोष्ट ठेवायची, हा सिसएफएसचा, म्हणजे "/सिस" मागच्या यंत्रणेचा, जुना दंडक आहे. मजकूर एका पेजच्या आत, म्हणजे साधारण ४०९६ बाइट. पाच गोष्टी एकाच फाइलमध्ये स्वल्पविराम देऊन कोंबल्या की पुढे सहावी घालताना वाचणारे सगळे प्रोग्रॅम मोडतात.

परवानगी ठरवताना ओळख पटवणारं काही असेल तर ०४००, बाकीचं ०४४४. मॉड्यूल काढताना "कोबजेक्ट_पुट" हवंच. आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) केल्यावर डिरेक्टरी दिसेनाशी झाली पाहिजे. दिसत राहिली तर तिच्यातली फाइल वाचू नका: तिच्यामागचा कोड मेमरीतून गेलेला आहे आणि कर्नल तिथेच कोसळेल. व्हर्च्युअल मशीन रीस्टार्ट करा आणि मग कोड दुरुस्त करा.